पिंक फ्लॉइडचा 'मेडल' (१९७१): 'एकोज'मधली ती चार मिनिटं गाळायची की ऐकायची?

घुमा

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा विषय निघाला की गाडी थेट 'द डार्क साइड ऑफ द मून'च्या प्रिझमवाल्या मुखपृष्ठावर जाऊन थांबते. माझी हरकत नाही. पण १९७३च्या त्या आल्बममध्ये जे घोटून गुळगुळीत झालेलं ऐकू येतं, ते कारागिराच्या बोटांच्या ठशांसकट ऐकायचं असेल तर १९७१चा 'मेडल' लावावा. आणि 'मेडल' म्हणजे मुख्यतः त्याची दुसरी बाजू, साडेतेवीस मिनिटांचं 'एकोज'.

हा धागा काढायचं कारण म्हणजे एक फुकटचा सल्ला, जो जिथे तिथे वाचायला मिळतो: 'एकोज' भारी आहे, फक्त मधला आवाजांचा भाग पुढे ढकला. माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो. साधारण अकराव्या मिनिटाला, ऐन रंगात आलेला बँड विरून जातो, वारा सुटतो, काहीतरी किंचाळायला लागतं आणि हे सगळं पंधराव्या मिनिटापर्यंत चालतं. ठेका नाही, चाल नाही, शब्द नाहीत. माझं म्हणणं असं, की ही चार मिनिटं गाळली तर उरतं ते एक बरं, लांबलेलं गाणं. 'एकोज' उरत नाही.

सुरुवात एका स्वराने होते. कीबोर्डवादक रिक राइटने पियानोचा वरच्या सप्तकातला एक स्वर वाजवला आणि तो लेस्ली स्पीकरमधून काढला, म्हणजे ज्याचा भोंगा आत गरगर फिरतो अशा स्पीकरमधून. टिंग. मग शांतता. परत टिंग. हा स्वर आधी कच्च्या टेपवर सापडला होता. नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून पाहिला तर पियानो आणि लेस्लीमधली ती घुमार काही केल्या जमेना, म्हणून शेवटी मूळची टेपच वापरली आणि पुढचं सगळं तिला जोडलं. पहिला शब्द कानावर पडायला तीनेक मिनिटं लागतात. तोवर पियानो, गिटार, बास, ड्रम्स एकेक करून येतात, कुणालाही घाई नाही. मग गिटारवादक गिल्मर आणि राइट एकत्र गातात आणि दोघांचे गळे असे मिसळतात की कोण कुठला ते कळत नाही. शब्द बासवादक वॉटर्सचे. सुरुवातीला ते ग्रहांच्या भेटीगाठींविषयी होते. आपल्यावर 'अंतराळवाला बँड' असा शिक्का बसतोय हे पाहून त्याने ते आकाशातून उचलून समुद्राखाली नेले.

दोन कडवी, मग गिल्मरची गिटार, मग सातव्या मिनिटाच्या आसपास तो घट्ट, जवळजवळ नाचरा ठेका. चार मिनिटं चौघं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून वाजवतात. आणि मग ते जातं.

आता माझा मुद्दा. मधला भाग एकेक गोष्ट काढून घेतो. आधी ठेका जातो, मग सूर जातो, मग वाजवणारी माणसंच गेल्यासारखी वाटतात. ऐकणाऱ्याच्या हातात धरायला काही राहत नाही. आणि त्यानंतर, ऑर्गनच्या एका लांब स्वराआडून, परत ती टिंग. पहिल्या मिनिटाला हाच स्वर परका होता, 'हे काय आहे?' असं वाटायला लावणारा. पंधराव्या मिनिटाला तो या सगळ्या पसाऱ्यातली एकमेव ओळखीची वस्तू झालेला असतो. स्वर तोच, बदललो आपण, आणि बदललं ते त्या चार मिनिटांनी. ती उडी मारून ओलांडली तर टिंग येते खरी, पण नुसती सुरुवातीची आठवण करून द्यायला आल्यासारखी.

पहिल्या बाजूबद्दल फार बोलत नाही. 'वन ऑफ दीज डेज' जबरदस्त, 'फिअरलेस' सुंदर, बाकीचं चालून जातं.

तुम्ही कसं ऐकता? गाळता का?

आडवा_छेद

गाळतो. आणि लाज वाटत नाही.

घुमा, तुम्ही जे ऐकता ते तुमच्या मनाचं आहे, टेपवर नाही. 'एकोज' कसं जन्माला आलं ते बघा. १९७१च्या सुरुवातीला हे लोक स्टुडिओत गेले तेव्हा हातात एकही गाणं नव्हतं. म्हणून प्रत्येकाने सुटं सुटं, इतरांनी काय वाजवलंय ते न ऐकता, काहीबाही वाजवून ठेवलं. त्या तुकड्यांना त्यांनी नाव दिलं 'नथिंग', क्रमांक १ ते २४. पुढे त्यातूनच जे जमलं ते कार्यक्रमात 'रिटर्न ऑफ द सन ऑफ नथिंग' या नावाने वाजवायला लागले. एप्रिलमध्ये नॉरिचला पहिल्यांदा. नावंच सांगतात की वाजवणाऱ्यांना स्वतःला हे किती गंभीर वाटत होतं.

तर हे जोडकाम आहे. काही तुकडे अप्रतिम: ती टिंग, तो चढत्या-उतरत्या अर्धस्वरांचा रिफ, तिसऱ्या कडव्याआधीची ती लांब चढण. दोन चांगल्या तुकड्यांमध्ये भोक पडलं की तिथे वारा भरायचा. त्या काळी सगळेच भरायचे. एलपीची बाजू वीस-बावीस मिनिटांची, ती पुरी करायची तर काहीतरी लागणारच.

आणि 'बाकीचं चालून जातं' असं म्हणून पहिली बाजू गुंडाळू नका. 'शेमस' नावाचं सव्वादोन मिनिटांचं ब्लूज आहे ज्यात एक कुत्रा रडतो. पूर्ण आल्बम एका बैठकीत ऐका म्हणणाऱ्यांनी आधी त्याचा हिशोब द्यावा.

पाणकावळा

'शेमस'चा हिशोब मी देतो: कुत्रा गुणी होता. 'हंबल पाय' बँडच्या स्टीव्ह मॅरियटचा कुत्रा, गिल्मर तेव्हा त्याला सांभाळत होता, आणि वाद्य वाजलं की तो सूर लावायचा. हसायला आलं, रेकॉर्ड केलं. आल्बमवर घ्यायला नको होतं हे मान्य.

काळी_चार

मी रागसंगीताकडून या वाटेला आले, म्हणून जरा वेगळं सांगते. पहिली तीन मिनिटं मला सहज पचली कारण ती आलापासारखी आहेत. एक स्वर लावायचा, त्याच्याभोवती हवा खेळू द्यायची, मग दुसरा. तिथे घाई नसते हे आपल्या कानांना सांगावं लागत नाही.

पण घुमा, तुमच्या मधल्या भागाला हा न्याय लागू करता येत नाही. कितीही विलंबित ऐकलं तरी षड्ज कुठेतरी धरलेला असतो. तानपुरा थांबत नाही. इथे तो आधारच काढून घेतलाय. आडवा_छेद म्हणतात तसं ते 'भोक' मला वाटत नाही, पण त्याला संगीत म्हणायलाही जीभ रेटत नाही. मी तो भाग ऐकते, पण दात आवळून ऐकते.

एक प्रश्न. तो किंचाळणारा आवाज नक्की कशाचा आहे? मला कुणी देवमासा सांगितलं, कुणी सीगल, कुणी सिंथेसायझर.

टेपमास्तर

काळी_चार, ती गिटार आहे. सिंथेसायझर नाही.

वा-वा पेडलला, म्हणजे गिटारचा आवाज पायाने बदलायच्या यंत्राला, दोन तोंडं असतात. एकात गिटार लावायची, दुसऱ्यातून अँप्लिफायरकडे वायर जाते. गिल्मरच्या पेडलला या दोन वायरी एकदा उलट लागल्या. उलटं लावलं की पेडल आपलं नेहमीचं काम करत नाही, स्वतःच किंचाळायला लागतं. तार छेडायची गरजच नाही. गिटारवरचं टोनचं बटण फिरवलं की किंकाळी वरखाली होते. बहुतेकांनी 'अरे उलटं लागलं' म्हणून सरळ केलं असतं. याने ते बटण कसं फिरवलं की काय होतं याचा सराव केला. १९७०च्या कार्यक्रमांत 'एम्ब्रिओ' हे गाणं वाजवताना तो हे वापरायचा. म्हणजे 'एकोज'च्या वेळेपर्यंत त्याचा हात बसलेला होता. आडवा_छेद, भोक भरायला आयत्या वेळी काहीतरी कोंबलं असं म्हणता येत नाही.

वारा आहे तो वॉटर्सचा बास. तारांवर स्लाइड घासायची आणि तो आवाज बिन्सन एकोरेकमधून सोडायचा. हे यंत्र इटालियन, मिलानचं. बाकीची एको यंत्रं टेपवर चालायची आणि टेप झिजायची, ताणली जायची. बिन्सनमध्ये टेपऐवजी चुंबकीय लेप दिलेलं एक चाक फिरत असतं. एक हेड त्यावर आवाज लिहितं, त्याच्या पुढे थोड्या थोड्या अंतरावर बसवलेली हेड्स तो वाचतात. एक आवाज गेला की त्याच्या मागोमाग त्याची पिल्लं बाहेर येतात, प्रत्येक किंचित मळकट. 'वन ऑफ दीज डेज'मधला तो धडधडणारा बास याच यंत्राची करामत. दोन बास आहेत, गिल्मर आणि वॉटर्स, एक डाव्या कानात आणि एक उजव्या. एकाच्या तारा जुन्या, मेलेल्या. म्हणून एक बास ठणठणीत आणि दुसरा भरड ऐकू येतो. हेडफोन लावून एकेक कान काढून बघा.

त्या वाऱ्यात पक्षी पण आहेत. रूक म्हणतात ते, कावळ्याच्या कुळातले. ते मात्र खरे पक्षी, रेकॉर्ड केलेले.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, जिचा कुणी उल्लेख केला नाही. शेवट. गाणं संपल्यावर जो घोळक्याने गायल्यासारखा आवाज वर वर चढत जातो आणि चढतच राहतो, त्यासाठी खोलीच्या दोन कोपऱ्यांत दोन टेपरेकॉर्डर ठेवले होते. एक वाजवतोय आणि त्याच वेळी लिहितोय, दुसरा ते लिहिलेलं परत वाजवतोय. दोघांमधल्या अंतराने आवाज स्वतःच्याच शेपटीवर साचत जातो. त्यात चढत जाणाऱ्या स्वरांचे थर असे लावलेत की वरचा थर विरतो तेव्हा खालून नवा निघालेला असतो. म्हणून तो कायम चढतोय असं वाटतं, पण पोचत कुठेच नाही. आज हे लॅपटॉपवर एका टिचकीत होतं. तेव्हा जागेवर उभं राहून, टेपला हात लावून करावं लागे.

जाता जाता: सुरुवातीचं काम ॲबी रोडवर झालं, पण तिथे तेव्हा आठच ट्रॅकची सोय होती. इतके थर बसेनात, म्हणून सगळं उचलून एअर स्टुडिओत नेलं, तिथे सोळा होते. ॲबी रोडच्या ध्वनिमुद्रकांमध्ये एक जॉन लेकी नावाचा तरुण होता. त्यानेच पुढे १९९५ला रेडिओहेड या बँडचा 'द बेंड्स' हा आल्बम केला.

वाचनमात्र_होतो

टेपमास्तर, दंडवत. वाचनखूण साठवली.

मधली_सुट्टी

मी या सगळ्यात नवी आहे, रागावू नका. दादाने सांगितलं म्हणून आल्बम लावला. 'वन ऑफ दीज डेज'मध्ये तो एक राक्षसी आवाजातला माणूस तुकडे करायची धमकी देतो तिथे दचकले. मग 'अ पिलो ऑफ विंड्स' छान झोपाळू, 'फिअरलेस' इतकं आवडलं की तेच परत परत लावलं. 'एकोज' मात्र अर्ध्यात झोप लागली आणि किंचाळीने जाग आली. हे असंच अपेक्षित आहे का?

'फिअरलेस'च्या शेवटी जो जमाव गातो तो कोण?

आडवा_छेद

जमाव लिव्हरपूल फुटबॉल क्लबचा. त्यांच्या मैदानात 'कॉप' नावाचा गॅलरीचा भाग आहे, तिथले पाठीराखे सामन्याच्या वेळी 'यू'ल नेव्हर वॉक अलोन' गातात, ते रेकॉर्डिंग आहे. राक्षस म्हणजे ड्रमर निक मेसन, आवाज टेपची गती बदलून खोल केलाय. संपूर्ण गाण्यात तेवढं एकच वाक्य आहे.

आणि झोप लागली यात तुमचा काही दोष नाही. हेच तर मी म्हणतोय.

घुमा

आडवा_छेद, नव्या माणसाला लगेच आपल्या पक्षात ओढू नका!

मधली_सुट्टी, झोपेत ऐकणं हाही या आल्बमचा एक जुना उपयोग आहे. पण एकदा जागेपणी प्रयत्न करा. माझ्या अनुभवाने अडचण आवाजाच्या पातळीची असते. सुरुवात फार हळू आहे म्हणून माणूस आवाज वाढवतो, आणि अकराव्या मिनिटानंतर त्याची शिक्षा मिळते. आधी मधला ठेका लावून पाहा, तो पोटभर पण न टोचता ऐकू येईल इतका आवाज ठेवा, आणि मग मागे जाऊन सुरुवातीपासून लावा. टिंग अगदी बारीक वाटेल. वाटू दे. दुसरं, शफल बंद. तिसरं, आवाज गाळणारे हेडफोन असतील तर ते गाळणं बंद करून शांत खोलीत बसा. त्या यंत्रणेची स्वतःची एक बारीक सूं असते आणि या रेकॉर्डमधल्या शांततेत ती शिरते.

टेपमास्तरांनी माझं काम सोपं केलं. लोक अशा संगीताला 'वातावरणनिर्मिती' म्हणतात तेव्हा मनात चित्र असतं धुराच्या यंत्राचं: बटण दाबलं, धूर आला, आता त्यात काहीही छान दिसेल. इथे तसं काही नाही. वारा म्हणजे एका माणसाचा हात तारेवर घासतोय. किंचाळी म्हणजे दुसऱ्याची दोन बोटं एका बटणावर. मधल्या भागात माणसं गेल्यासारखी वाटतात असं मी वर लिहिलं, पण खरं तर तिथे ती अगदी टेपला टेकून बसलेली आहेत.

वॉटर्स, मेसन आणि राइट तिघांची भेट लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये झाली, वास्तुकला शिकताना. म्हणून त्यांना मोकळ्या जागेची जाण होती असे उगाच सिद्धांत रचू नयेत हे कळतं, पण त्याच वर्षीचे बाकीचे लोक ऐका. व्हॅन डर ग्राफ जनरेटर या बँडचा 'पॉन हार्ट्स' १९७१चाच. त्याचीही दुसरी बाजू म्हणजे एकच लांबलचक रचना, तीही समुद्र आणि दीपगृहाची. तिथे प्रत्येक मिनिटात चार घटना घडतात, गायक जिवाच्या आकांताने ओरडतो, ऑर्गन आणि सॅक्सोफोन एकमेकांच्या अंगावर धावून जातात. मला तोही आवडतो. पण ती भरलेली खोली आहे. फ्लॉइडला येस किंवा किंग क्रिमसन या बँडसारखी बोटांची चपळाई नव्हती, आणि ते स्वतःला ओळखून होते. मग त्यांनी जागा मोकळी ठेवायला घेतली.

काळी_चार, तुमचा षड्जाचा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचला. आधार काढून घेतलाय हे बरोबर. मी म्हणतो मुद्दाम काढलाय. तुम्ही म्हणाल की मग ते संगीत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही, फक्त ते परत येतं तेव्हा काय होतं एवढंच दाखवू शकतो.

काळी_चार

'मुद्दाम' हा शब्द टेपमास्तरांमुळे मान्य करते. तरी सांगते, दात आवळून ऐकलं म्हणून परत येणं गोड लागतं, हे कुठल्याही त्रासाबद्दल म्हणता येईल. चप्पल चावत असली की काढल्यावर बरं वाटतंच.

पाणकावळा

ही उपमा फ्रेम करून लावा.

मला एक सांगायचंय, राइटबद्दल. 'एकोज'वर चर्चा झाली की गिटार, किंचाळी, टेप सगळ्यांची नावं येतात. पण टिंग त्याची, ऑर्गन त्याचा, गाण्यातला अर्धा आवाज त्याचा. गिल्मरने २००६च्या दौऱ्यात 'एकोज' वाजवलं तेव्हा राइट सोबत होता. पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या जहाजबांधणी कारखान्यातलं ते रेकॉर्डिंग उपलब्ध आहे. २००८मध्ये राइट गेला. २०१६ला गिल्मर पॉम्पेईच्या त्याच प्राचीन रंगमंडलात परत वाजवायला गेला, जिथे १९७१ला त्यांनी हे चित्रित केलं होतं. लोकांना वाटलं आता तरी वाजवेल. नाही वाजवलं. राइटशिवाय ते करायचं नाही असं त्याचं म्हणणं.

आणि कुणी '२००१: अ स्पेस ओडिसी' या अंतराळ-चित्रपटाच्या शेवटच्या भागावर 'एकोज' लावून बघा वगैरे सांगायच्या आत: लांबी जवळपास जुळते, दोन-चार जागा मजेशीर बसतात, बाकी सगळं बघणाऱ्याच्या डोक्यात आहे. चित्रपट १९६८चा. दर रविवारी कुणीतरी हे नव्याने शोधून काढतो.

आडवा_छेद

पाणकावळा, रविवारचं बरोबर आहे.

टेपमास्तर, किंचाळीचा सराव होता हे मान्य. पण साधन कमावलेलं असणं आणि ते चार मिनिटं वापरायला कारण असणं या दोन गोष्टी आहेत. दीड मिनिटात तेच झालं असतं. ठेका गेला, सूर गेला, माणसं गेली, कळलं. उरलेल्या अडीच मिनिटांत आणखी काय जातं?

आणि मुखपृष्ठाबद्दल कुणीच बोलत नाही! पाण्याखालचा कान आहे म्हणे. डिझाइन करणाऱ्या स्टॉर्म थॉर्गरसनने आधी बबून माकडाचं बूड सुचवलं होतं. बँडला कान हवा होता. पुढे खुद्द थॉर्गरसनलाच हे मुखपृष्ठ आपलं नावडतं वाटायचं. त्याच्या बाजूने मत.

टेपमास्तर

'उरलेल्या अडीच मिनिटांत काय जातं' हा रास्त प्रश्न आहे. माझं उत्तर: वेळेचा अंदाज जातो. दीड मिनिट माणूस 'हे संपेल' या भरवशावर काढतो. श्वास धरून बसता येतं. तीन मिनिटांनी तो भरवसा सुटतो, आणि सुटल्यावरच कान त्या आवाजांमध्ये शिरतो, कारण दुसरं करायला काही उरलेलं नसतं. त्याआधी तो फक्त दाराकडे बघत असतो.

मधली_सुट्टी

परत ऐकलं. जागी राहून, घुमा यांनी सांगितल्याप्रमाणे आवाज ठेवून, दिवा बंद करून. दादाला बाहेर हाकललं.

मला घुमांपेक्षा वेगळंच सापडलं. तुम्ही सगळे परत येण्याबद्दल बोलताय, टिंग पुन्हा येते वगैरे. ते छान आहेच. पण मला अंगावर आलं ते जाणं. तो नाचरा ठेका चालू असतानाच मागून वारा सुरू होतो. बँड थांबत नाही! ते वाजवतच राहतात, फक्त लांब लांब जातात आणि वारा त्यांच्यावर चढतो. आधी झोपेत होते म्हणून कळलं नव्हतं. मला असं वाटलं की ते अजूनही तिकडे कुठेतरी वाजवतायत आणि आपणच ऐकू येण्याच्या टप्प्याबाहेर नेले गेलोय. त्यामुळे पुढची चार मिनिटं मला रिकामी वाटलीच नाहीत. मी सगळा वेळ वाऱ्याखाली तो ठेका शोधत होते. माहितीये की तो तिथे नाही, तरी.

आडवा_छेद, तुमच्या अडीच मिनिटांचं उत्तर मला तरी हे वाटतं. शोधायला तेवढा वेळ लागतो.

'शेमस' या वेळी गाळलं. त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं?

घुमा

'शेमस' गाळायला कायमची मुभा.

आणि ठेका शोधत होते हे फारच भारी. मी हे इतकी वर्षं ऐकतोय पण माझं लक्ष कायम पुढच्या टोकाकडे, टिंग कधी येते याकडे. मागच्या टोकाकडे कान लावून ही चार मिनिटं काढता येतात हे डोक्यात आलं नव्हतं. आज रात्री तसं ऐकणार.

काळी_चार

मधली_सुट्टी, तुम्ही मला अडचणीत आणलंत. आधार काढून घेतलाय असं मी म्हणाले. तुमच्या म्हणण्याप्रमाणे तो काढलेला नाही, ऐकू न येण्याइतका दूर नेलाय. हे मात्र मला कळतं. तानपुरा बंद झाल्यावरही थोडा वेळ कानात चालू राहतो तो.

दात सैल सोडून एकदा ऐकून बघते.

टेपमास्तर

मधली_सुट्टी म्हणतात त्या सांध्याला एक साक्षीदार आहे. एड्रियन मेबेनने ऑक्टोबर १९७१मध्ये पॉम्पेईला जो चित्रपट केला, रिकाम्या रंगमंडलात, प्रेक्षकांशिवाय, त्यात त्याने 'एकोज'चे दोन भाग केले. एकाने चित्रपट सुरू होतो, दुसऱ्याने संपतो. कात्री लावलीय ती जवळपास इथेच, ठेका आणि वाऱ्याच्या मधे. म्हणजे चित्रपटात बँड वाजवताना जातो, मग मधे बाकीची सगळी गाणी होतात, आणि शेवटाकडे वाऱ्यापासून पुढे. आडवा_छेदना चार मिनिटं जास्त वाटतात, मेबेनने तिथे अख्खा चित्रपट घातलाय.

२०२५ला तो स्वच्छ करून परत आलाय, आवाजाचं मिश्रण संगीतकार स्टीव्हन विल्सनने नव्याने केलंय. किंचाळीच्या वेळी गिल्मरचे हात बघायला मिळतात.

आडवा_छेद

चित्रपट बघतो. त्यात कुत्रा नाही ना?

पाणकावळा

आहे. दुसरा. नोब्ज नावाची कुत्री, राइट तिच्यासमोर माइक धरून बसलाय आणि गिल्मर हार्मोनिका वाजवतोय.

आडवा_छेद

मग तेवढं पुढे ढकलायची परवानगी हवी.